दोर कुणाच्या हातात

आमच्या बेटावर ईस्टरच्या रविवारी जो माणूस गप्प बसेल त्याला ताप आलाय असं समजतात. शनिवारी मध्यरात्री येशू उठतो आणि मग गाव काही खाली बसत नाही. धक्क्यावरच्या चर्चची घंटा त्या दिवशी सगळ्यांना मोकळी असते, त्यामुळे पोरंटोरं दोराला लोंबकळून दिवसभर ती बडवत असतात. होड्या उगाचच भोंगे वाजवतात. संकटात मदत मागायला होड्यांवर वर्षभर जपून ठेवलेल्या, मुदत संपलेल्या लाल ज्योती त्याच दिवशी आकाशात सोडायच्या, ही आमची काटकसर. आणि दुपारची प्रार्थना आटोपली की बंदराच्या तोंडावरचे दोन कडे एकमेकांशी बोलायला लागतात.

एक अलीकडचा कडा, एक पलीकडचा. अर्धं गाव याचं, अर्धं त्याचं. जिलेटिनच्या कांड्यांना वाती लावून खाली भिरकवायच्या; ज्याचा आवाज मोठा त्याचं वर्ष चांगलं. कायद्याला हे मंजूर नाही, म्हणून आमच्या हवालदाराची दाढ दर शनिवारी न चुकता, म्हणजे दर ईस्टरच्या शनिवारी, दुखायला लागते आणि तो मोठ्या बेटावर मेव्हणीकडे जातो. पूर्वी कांड्या मोकळ्या उतारावर टाकायचे. एका वर्षी कुणाचं तरी छप्पर स्वयंपाकघरात आलं, तेव्हा सगळ्यांनी बसून ठरवलं की यापुढे समुद्रात टाकायच्या. समुद्राला छप्पर नसतं. आपल्या शहाणपणावर गाव फार खूश झालं.

समुद्रातही भाडेकरू राहतात, हे गावाला ऐकवणारी एकच बाई निघाली. थेमेलिना, साकेल्लारिसची एकुलती एक मुलगी.

ही थेमेलिना कितीतरी वर्षं पाठीवर पिशवी टाकून जगभर हिंडली होती. कोस्टा रिकाला कासवांची अंडी राखली, इंडोनेशियात मोडलेली प्रवाळं तारेनं बांधली, सेशेल्सला किनाऱ्यावरचं प्लास्टिक वेचलं. पगार नाही, दोन वेळचं जेवण आणि झोपायला चटई. बाप कॉफीच्या दुकानात सांगायचा, "माझी पोर लोकांच्या कासवांना अंगाई म्हणते. स्वतःच्या बापाला एक पत्र टाकत नाही." इंडोनेशियात एकदा ती कोळ्यांना समजावत होती, की बाबांनो, सुरुंग लावून मासे मारू नका, प्रवाळ मरतं. एका म्हाताऱ्यानं शांतपणे विचारलं, "तुमच्या गावी कुणी टाकत नाही का?" ती म्हणाली, "टाकतात. माझा बापच टाकतो." म्हातारा पोट धरून हसला, तिला एक भाजलेला मासा दिला आणि म्हणाला, "मग आधी घरी जा की." ती त्याच महिन्यात घरी आली.

घरी येऊन तिनं काय केलं, तर बापाच्याच कड्याखालची गुहा धरली. या गुहेत सील असतात. या जातीचे जगात उरलेत थोडे, त्यातले काही आमच्या वाट्याला आलेत. गुहेचं तोंड पाण्याखाली आहे. बुडी मारून खडकाच्या बोळातून जायचं, मग आत अंधारात गोट्यांचा छोटा किनारा लागतो. तिथं ते झोपतात. थेमेलिनानं सरकारदरबारी खेटे घातले, बाहेरून येणारे स्वयंसेवक जमवले आणि हंगामाहंगामाला त्यांची मोजदाद ठेवू लागली. त्या वसंतात तिच्याकडे इल्झे होती, लात्वियाची. इंडोनेशियात दोघींनी मिळून प्रवाळं बांधली होती. ताडमाड उंच, बोलायची कमी, हट्टाला पक्की, पुढ्यात येईल ते खाणारी. आमची भाषा ती मोडकीतोडकी बोलायची, पण शिव्या मात्र शुद्ध.

गुहेतल्या एका तरण्या सीलच्या मानेत जाळ्याचा नायलॉन अडकला होता. जनावर वाढतंय, जाळं वाढत नाही. दर आठवड्याला ते आणखी मांसात रुतत होतं. मुख्य भूमीवरचं जनावरांच्या डॉक्टरांचं पथक सणामुळे आठवडाभर तरी येणार नव्हतं. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाली होती, झोपलेला सापडला तर एकीनं जायचं, आकड्याच्या सुरीनं कापायचं, निघायचं. तेवढ्यापुरती माझी परवानगी. पण दक्षिणेचा वारा असा सुटला होता की गुहेच्या तोंडाशी होडी नेण्याची सोय नव्हती. ईस्टरच्या सकाळी उठून बघतात तो समुद्र तेलासारखा पडलेला. आणि उजाडताना तो सील आत शिरताना दिसला.

थेमेलिनाचा कान सर्दीनं बंद झाला होता, बुडी मारणं शक्य नव्हतं. म्हणून इल्झे आत जाणार आणि ती होडीत दोर धरून बसणार, असं ठरलं.

सकाळी टेबलावर ईस्टरची लाल रंगवलेली अंडी होती. साकेल्लारिसनं रिवाजाप्रमाणे आपलं अंडं लेकीच्या अंड्यावर आपटलं, तिचं फुटलं. म्हातारा जुना स्पंजवाला, बुड्या मारून समुद्राच्या तळाचे स्पंज काढणारा. तरुणपणी खोलातून घाईनं वर आला तेव्हा समुद्रानं त्याच्या एका पायातलं बळ कायमचं ठेवून घेतलं. आता तो पाय मागून ओढत चालतो. अलीकडच्या कड्यावरची पहिली कांडी टाकण्याचा मान त्याचा. कांड्यांची पेटी त्याच्याच खाटेखाली असते.

"दुपारच्या प्रार्थनेआधी आमच्या कड्यावर काडी पेटणार नाही," तो म्हणाला. "तोवर आटपेल ना तुमचं?"

"त्याच्या कितीतरी आधी."

"बाहेर आलात की मला कळवा. कळल्याशिवाय मी हात लावणार नाही. शब्द दिला." मग अंड्याचं टरफल काढता काढता त्यानं विचारलं, "दोर कुणाकडे?"

"माझ्याकडे, बाबा."

"मग सोडायचा नाही. घर पेटलं तरी नाही."

हे तिला सांगायची गरज नव्हती. स्पंजच्या होडीवर वाढलेल्या पोराला बाराखडीआधी हे शिकवतात. खाली गेलेल्या माणसाचं सगळं जग म्हणजे तो दोर. धरणारा शिंकत नाही, गप्पा मारत नाही, जागा सोडत नाही. ज्यानं सोडला त्याच्या घरी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कुणी मुलगी देत नाही. इल्झेनं ते ऐकलं आणि अंडं अख्खंच तोंडात टाकलं.

कड्याच्या पोटाशी होडी लावून इल्झे पाण्यात उतरली. एक झटका म्हणजे ठीक आहे. दोन म्हणजे बाहेर ये. तीन म्हणजे आहेस तिथंच थांब, पाण्यात पाय घालू नकोस. तिनं सुरी दंडाला बांधली, हसली आणि बुडी मारली. दोर हातातून सरकत गेला, मग थांबला. थोड्या वेळानं एक झटका आला. पोचली.

त्यानंतर काहीच नाही. थेमेलिना घाबरली नाही. झोपलेल्या जनावराजवळ रांगत जायचं म्हणजे वेळ लागणारच. वर कड्यावरून भाजणाऱ्या कोकराचा वास येत होता. लोक प्रार्थनेआधीच वर जाऊन चुली मांडून बसले होते. गावात पोरांची घंटाबडव चालू होती. तिला वाटलं, आज सगळं जमून येतंय.

आणि पलीकडच्या कड्यावरून धडाड झालं.

आवाज बंदरभर फिरला. खडकावर फुटली होती, पाण्यात नव्हे. तरी होडी खालून कुणी लाथ मारावी तशी हलली. प्रार्थना अजून व्हायची होती. पलीकडच्यांनी शब्द मोडला होता, किंवा त्यांच्यातल्या कुणा प्यालेल्या गड्याला धीर धरवला नव्हता. कारण काही असो, आमच्याकडे एका कड्यानं हाक दिली की दुसऱ्यानं ओ द्यायचीच असते. न देईल त्याला वर्षभर तोंड दाखवायला जागा नाही.

ती कड्याकडे मान वर करून ओरडली. पण कडा वर पुढे झुकलेला. तिला वरचं कुणी दिसत नव्हतं आणि वरच्यांना ती. पलीकडून हेल काढून आरोळी आली, "अहो अलीकडचे, सासू मेली का तुमची? आवाज का निघेना?" वरून कुणीतरी सणसणीत उत्तर दिलं आणि सगळे हसले. मग तिच्या बापाचा आवाज आला, खरखरीत, ओळखीचा. "थांबा म्हटलं ना. पोरी खाली आहेत."

तिच्या जिवात जीव आला. म्हातारा शब्दाला धरून होता. पण किती वेळ धरेल? पेटीजवळ फोन न्यायचा नाही हा कड्याचा नियम, त्याचा फोन घरी फडताळात. नाकाला मिरच्या झोंबलेले डझनभर पुरुष त्याच्याभोवती. तिनं दोराला तीन झटके दिले. तिथंच थांब. उत्तराचा झटका यायला हवा होता, तो आला नाही. पुन्हा तीन दिले. दोर ढिला, मेल्यासारखा. मग तिच्या लक्षात आलं. इल्झेनं दोर काढून ठेवला असणार. कमरेला दोर ओढत गेलं तर गोटे वाजतात, जनावर जागं होतं. तिनं तसं केलं असणार आणि काम झालं की ती तशीच पाण्यात शिरणार, बोळातून बाहेर यायला. बोळात असताना वर कांडी पाण्यात पडली, तर काय होतं ते थेमेलिनानं इंडोनेशियात माशांचं पाहिलं होतं. वरून एक ओरखडा नसतो, आतलं सगळं फुटलेलं असतं.

तिला काही सुचेना तेव्हा तिनं होडीतली लाल ज्योत काढली आणि वर सोडली. संकटाची खूण, जगात कुठल्याही समुद्रावर हिचा अर्थ एकच.

आमचा समुद्र सोडून. ज्योत कड्याच्या वर जाऊन फुलली आणि वर टाळ्या वाजल्या. तिनं कानांनी ऐकलं. पाठोपाठ बापाचा आवाज आला, आता हसरा. "आल्या बाहेर. बघा, माझी पोरगी कधी नाही ते ईस्टर साजरा करतेय. चला, पेटी उघडा."

ती तशीच उभी राहिली, हातात जळकी नळी धरून. कळवा म्हणाला होता आणि तिनं कळवलं होतं.

मग तिनं भोंगा दाबला. दाबूनच धरला. बंदरातल्या सगळ्या होड्यांनी आनंदानं भोंग्यांनी उत्तर दिलं. घंटा आणखी जोरात वाजायला लागली. तिला रडू कोसळायच्या बेतात होतं, आणि हसूही येत होतं, भीतीचं येतं तसं. त्या दिवशी आमच्या बेटावर किंचाळलात तरी लोक तुमच्याबरोबर किंचाळतील आणि गालाचा मुका घेतील. कशाला कान द्यायचा आणि कशाला नाही, हे सांगणारा एकही आवाज उरला नव्हता.

एक होता.

तो आवाज ईस्टरला कधीच वाजत नाही. तो धक्क्यावर होता आणि ती कड्याखाली. बापाला पहिली कांडी टाकायला टोकावर पोचायचं म्हणजे पाय ओढत चढायचं. तिथं मानाचं अंडं फोडायचं, सगळ्यांशी 'ख्रिस्त उठला' म्हणायचं. तेवढाच अवकाश. आणि तिच्या हातात दोर.

दोर सोडायचा म्हणजे काय, हे सांगून कळणार नाही. दोराच्या त्या टोकाला बहुधा कुणी नव्हतं. हे तिला ठाऊक होतं. पण 'बहुधा' हा शब्द घेऊन स्पंजवाल्याची पोर दोर सोडत नाही. इल्झेनं आत जाऊन परत बांधला असेल तर? आत्ता, या क्षणी ती तो ओढून विचारत असेल तर? थेमेलिनाचे हात ऐकेनात. तिनं बोटं एकेक करून उघडली, दोराचं टोक तरंगत्या बोयाला बांधलं, आणखी तीन झटके दिले, आणि बोया पाण्यात टाकून इंजिन सुरू केलं. मागं वळून बघितलं असतं तर ती गेली नसती, म्हणून बघितलं नाही.

धक्क्याला होडी आपटली ती तशीच सोडून ती चर्चमध्ये धावली. दोराला पोरांचा घोस लटकला होता. तिनं त्यांना ढकलून बाजूला केलं. दोर दोन्ही हातांनी धरला आणि खाली ओढला. एक ठोका. मग ती थांबली. घंटा घुमून घुमून पार विरेपर्यंत थांबली. मग आणखी एक. मग थांबली.

चर्चच्या पायऱ्यांवर नोमिकी मावशी बसली होती. चर्चची झाडलोट, मेणबत्त्या आणि गावातली मयतं, तिन्ही तिच्याकडे. मयताच्या घरी तिनं गळा काढला की दगडाला घाम फुटतो अशी तिची ख्याती. ती काठी आपटत आत आली. चेहरा पांढरा.

"बाई, मयताचे ठोके आज वाजवत नाहीत. आज मरण नसतं. कोण गेलं?"

"कुणी नाही, मावशी. इल्झे गुहेत आहे. बाबा कांडी टाकायला निघालेत. मला त्यांना थांबवायचंय."

म्हातारीनं क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मूर्ख नव्हती ती. बाहेर भोंगे बंद पडत होते, एकेक करून. हसणं थांबत होतं. चौकात कुणीतरी विचारत होतं, कोण, कोण?

"थांबायचे नाहीत ते," नोमिकी म्हणाली. "ईस्टरला जो जातो त्याला स्वर्गाचं दार उघडंच असतं, हे त्यांना लहानपणापासून शिकवलंय. भाग्यवान म्हणतील आणि त्याच्या नावानं आणखी एक टाकतील. माझा नवरा गेला तेव्हा टाकली होती. नाव कुणाचं सांगू त्यावर आहे."

थेमेलिनानं घंटेचा तिसरा ठोका दिला.

"साकेल्लारिसच्या पोरीचं सांग."

नोमिकीनं छातीवर क्रूस काढला, अभद्र टळावं म्हणून बाजूला तीनदा थुंकली. "जित्या माणसाच्या नावानं मी गळा काढू? तुझी आई वर बसून ऐकतेय."

"तिला मी नंतर सांगेन. मावशी, सांग."

म्हातारी वळली. पायऱ्यांवर उभी राहिली, डोक्यावरचा रुमाल सोडला आणि आवाज लावला. "थेमेलिना गं. साकेल्लारिसची थेमेलिना गेली गं." घंटा वाजवता वाजवता थेमेलिनाच्या अंगावर काटा आला, स्वतःच्या मरणाचा गळा इतका चांगला निघेल असं तिला वाटलं नव्हतं. चौकातल्या बायकांनी तो उचलला. खालच्या आळीतून वरच्या आळीत, गच्चीवरून गच्चीवर, तिचं नाव कड्याच्या वाटेनं वर चढत गेलं. मावशी मागच्या पावली आत आली, घंटेचा दोर आपल्या हातात घेतला आणि पुटपुटली, "जा आता. मेलेली बाई इथं उभी दिसली तर सगळं फसेल."

ती मागच्या दारानं होडीकडे पळाली.

अर्ध्या वाटेवर होती आणि स्फोट झाला.

तिनं इंजिन सोडून दिलं. होडी आपल्या आपण पुढे जात राहिली. तिला एवढंच कळत होतं की आवाज अलीकडच्या कड्याचा आहे. उशीर झाला. ती पाण्याकडे पाहत बसली. पाणी उसळायला हवं होतं, पांढरं व्हायला हवं होतं, मेलेले मासे पोट वर करून यायला हवे होते. पाणी गुळगुळीत होतं. मग तिनं मान वर केली. धूळ कड्याच्या पाठीमागून उठत होती, जमिनीच्या अंगाला. तांबड्या कौलांचा एक तुकडा हवेत गरगरत वर आला आणि पुन्हा मागे पडला.

बोया होता तिथंच डोलत होता. तिनं तो ओढून घेतला, दोर सोडवला, हाताला दोन वेढे दिले. एक झटका दिला. ठीक आहेस का? काही नाही. घंटा चालूच होती. एक ठोका, आणि मग लांबलचक शांतता. पलीकडच्या कड्यावर माणसं टोप्या काढून उभी होती, मुंग्यांएवढी.

स्पंजवाल्यांच्या जुन्या पायऱ्या कड्याच्या बगलेतून पाण्यापर्यंत उतरतात. आता त्या कुणी वापरत नाही, अर्ध्या तुटल्यात. त्या पायऱ्यांवरून गडगडत, बसत, पाय ओढत तिचा बाप खाली येत होता. डोक्यावर टोपी नव्हती. शेवटच्या पायरीवर तो थांबला. होडीत बसलेल्या मुलीकडे त्यानं पाहिलं. त्याचं तोंड उघडं होतं, पण त्यातून आवाज निघेना. थेमेलिनाला वाटलं, हा आता पडेल.

"बाबा, मी आहे. मी बरी आहे."

त्यानं मान हलवली. लहान मुलाला कोडं सुटत नाही तसा तो होडीकडे, दोराकडे, पाण्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग त्याच्यातला स्पंजवाला जागा झाला.

"दोर कुणाकडे आहे?"

"माझ्याकडे."

"मधे कुणाकडे होता?"

तिला खोटं बोलता आलं नाही. "बोयाकडे."

म्हाताऱ्यानं डोळे मिटले. आयुष्यभर त्यानं ज्या एका गोष्टीची कुणाला क्षमा केली नव्हती, ती ही होती. मग तो कमरेपर्यंत पाण्यात उतरला, होडीची कड धरली आणि अंग टाकून आत आला. उजवा हात त्यानं छातीशी धरला होता. तळवा काळा पडला होता, कातडी सुटली होती. तो तिच्या शेजारी बसला.

"पेटली होती," तो म्हणाला. "हात मागं घेतला होता, फेकणारच. तेवढ्यात तुझं नाव आलं. गेलीस म्हणजे खाली पाण्यातच असणार तू. मेलीस तर मेलीस, पण तुझ्या अंगावर कशी टाकू? मुठीत धरून विझवायला गेलो, वात विझेना. मग मागं फेकली. आपल्याच गोठ्यावर पडली." थोडं थांबून तो म्हणाला, "शेळ्या चरायला गेल्या होत्या."

बोलायला गेली असती तर तिला हुंदका आवरला नसता, आणि दोर धरणारा रडत नाही. म्हाताऱ्यानं डावा हात पुढे करून तिच्या हाताच्या वर दोर धरला. दोघं बसून राहिले. इल्झे अजून आतच होती. आतला एखादा खडक पहिल्या धमाक्यानं निसटला असेल, सील बिथरून चावला असेल, बोळात ती अडकली असेल. वर माणसांची कुजबुज वाढत होती. केव्हाही कुणीतरी होडीकडे बोट दाखवून म्हणेल, ती बघा, जिवंत आहे, फसवलं आपल्याला. आणि पलीकडच्यांना पुन्हा चेव येईल.

"झटका आला का?" तिनं विचारलं.

"नाही."

"पुन्हा देऊ?"

"धरून ठेव. नुसता धरून ठेव."

घंटा वाजली. विरली. पुन्हा वाजली. मावशीला कुणी थांब म्हटलं नसावं, किंवा म्हटलं असेल तरी ती थांबली नव्हती.

मग पाण्याखाली काहीतरी काळं, लांब सरकलं. होडीपासून दूर सील वर आला, नाकपुड्या फुगवून त्यानं श्वास घेतला आणि या दोघांकडे बघितलं. मानेभोवती लाल चीर होती. जाळं नव्हतं. तो बुडाला आणि खोल समुद्राकडे निघून गेला. त्याच्या मागून होडीच्या अगदी बाजूला इल्झेचं डोकं वर आलं, ओठ थंडीनं निळे, आणि वर केलेल्या मुठीत हिरव्या नायलॉनचा गुंता.

थेमेलिनानं तिला खांद्यांना धरून आत ओढलं आणि धरूनच ठेवलं. इल्झेला त्याचं काही कळलं नाही. तिला वाटलं, जाळं निघाल्याचा आनंद. ती धापा टाकत हसत होती. दोर तिनं खरंच काढून ठेवला होता. आवाज होऊ नये म्हणून.

"मी निघणार होते," ती आमच्या भाषेत अडखळत म्हणाली. "पाय पाण्यात ठेवला होता. मग घंटा ऐकली. दगडातून येत होती, आत सगळीकडून. एक वाजते. मग थांबते. मग एक. इतकी सुंदर. सील पण ऐकत होता, शांत झाला. म्हणून मी बसले, शेवटपर्यंत ऐकू म्हटलं. मग सील निघाला, मी पण." तिनं ओले केस मागे सारले. "ईस्टरला तुम्ही अशी वाजवता हे मला कुणी सांगितलंच नव्हतं."

थेमेलिनानं बापाकडे पाहिलं. म्हातारा इल्झेकडे बघत होता. त्याला काहीतरी सांगायचं होतं, किंवा रागवायचं होतं.

"ख्रिस्त उठला, पोरी," तो शेवटी म्हणाला.

"खरोखर उठला," इल्झेनं शिकवलेलं उत्तर दिलं.

त्यावर साकेल्लारिसनं भाजलेला हात लेकीच्या डोक्यावर ठेवला आणि तो रडायला लागला, मोठ्यानं, लाज न बाळगता, वरून सगळं गाव बघत असताना. दोराच्या टोकाला आता कुणी नव्हतं. तरी डाव्या हातातला दोर त्यानं सोडला नाही.